आमच्या घरचा न उडणारा फ्यूज

फ्यूजमध्ये पंपाच्या मोटारीची तार घालणारी आमच्या गल्लीतली पहिली बाई मीच. आज हे मान खाली घालून सांगते, तेव्हा मात्र सगळ्यांना बोलावून दाखवत होते.

शेतातली मोटार जळाली की ती परभणीला नेऊन आत नवी तार भरून आणायची आणि आतली जुनी तांब्याची तार घरात येऊन पडायची. फ्यूजची खरी तार केसासारखी. जास्तीची वीज आली की तिनं जळायचं आणि घर वाचवायचं, एवढंच तिचं काम. पण मला वाटायचं, उठसूट जळणारी वस्तू म्हणजे मालच हलका! मी तिच्या जागी मोटारीची जाडजूड तार पिळून बसवली. व्होल्टेज वाढलं की घराघरातले फ्यूज उडायचे, आणि आमच्या घरी दिवा लख्ख जळत असायचा. मी नुकतीच सासू झाले होते, पाठोपाठ आजीही झाले होते. अक्कल तेवढी मागून येत होती.

त्या संक्रांतीला बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देत होत्या. मी हळदीकुंकू लावून एकेकीच्या हातावर वीतभर तार ठेवली.

"काकू, ही गळ्यात घालायची का दंडात?"

"फ्यूजात घाल बाई, आन् बिनघोर झोप."

हसत हसत सगळ्यांनी घेतली. घरी जाऊन बसवलीही.

आता कापसाचं सांगते. वेचणी झाली की आमच्याकडं कापूस घरातच भरतात. विकेपर्यंत बाहेरची खोली त्याची, उरलेल्या जागेत आम्ही. नात तेव्हा पाऊल टाकायला लागली होती. दुपारची ती त्या ढिगावरच, माझ्या कुशीत निजायची. गादीवर ठेवली की भोकाड पसरायची. आणि त्याच ढिगाखालून, बोर्डापासून मागच्या न्हाणीपर्यंत, पाणी तापवायच्या रॉडसाठी एक लांब वायर गेलेली. वायर बारीक, रॉड दांडगा. मधे एके ठिकाणी ती तुटली होती. मीच जोडून वर दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळली होती.

सून एकदा म्हणाली, "आत्या, वायर कापसाखालनं गेलीया. वर भिंतीला घ्यावी का?"

"कामून? तुझ्या माहेरी अजून कंदीलच लावतेत का? लय भितीस विजेला."

ती भांडी घासायला गेली. मला वाटलं, जिंकले.

एके दुपारी तिनं लेकराला न्हाऊ घालून कापसावर निजवलं. रॉड मी पुन्हा बादलीत सोडला, माझ्या अंघोळीसाठी, आणि उंबऱ्यात मेथी निवडत बसले. सून भांडी ठेवता ठेवता थांबली.

"आत्या, कशाचा तरी वास यायलाय."

"शेजारणीची भाकर करपली असंल. तिचं ध्यान सगळं टीव्हीत."

तिनं भांडं खाली ठेवलं. कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि दुसऱ्याच क्षणी लेकरू उचललं.

"आतून गरम लागायलंय!"

मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"पाणी न्हाई, आत्या! आदी मेन पाडा!"

सून माझ्यावर ओरडली ती पहिल्यांदा. मेन स्विच होता कापसाच्या मागं. ढीग भरल्यापासून तिथं कुणाचा हात पोचला नव्हता. मी लुगडं खोचून चढले. एक पाय काढावा तर दुसरा गुडघाभर आत. पोहत गेले म्हणा ना. दांडा खाली ओढला तेव्हा शेजारी माझा फ्यूज दिसला. धडधाकट. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं.

मग दोघींनी कवेत भरभरून कापूस अंगणात ओढला. सुनेच्या एका कडेवर लेकरू, एका हातानं कापूस. कापसातली आग भडकून दिसत नाही. आतल्या आत लाल किडा सरकावा तशी सरकते. विझली म्हणावं, तर मूठ उकलली की आत पुन्हा लाल. एकेक झुबका उकलून पाणी मारलं. ढिगाच्या पोटात परातीएवढं काळं भगदाड निघालं. लेकराचं डोकं होतं तिथून हातभर अंतरावर. आणि ते लेकरू कापसावरच परत जायचं म्हणून रडत होतं.

लेकानं वायर भिंतीवर घेतली, नवा बोर्ड बसवला, बोर्डापुढची जागा मोकळी केली. मी घरोघर हिंडून माझी तार गोळा केली.

"काकू, दिल्यालं वाण माघारी घेतेत का कुठं?"

"घेतेत बाई. घरात धूर झाल्यावर घेतेत." एकेकीला डबा दिला तेव्हा कुठं तारा सुटल्या.

पण घरात एक गोष्ट बदलली होती. नात माझ्या मांडीवर जेवायची, माझ्याशी खेळायची. झोप आली की सून तिला उचलून स्वयंपाकघरात नेऊन आपल्या कुशीत निजवायची. का, ते मी कुठल्या तोंडानं विचारणार? दुपारी मी रिकाम्या कुशीवर हात ठेवून पडायची.

कापूस विकला गेला, खोली रिकामी झाली. एके दुपारी मी तिथं घोंगडी टाकून आडवी झाले होते. सून निजलेलं लेकरू घेऊन दारात आली. भिंतीवरची वायर तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग वाकून माझ्या उशीखाली हात घातला. तिथं माझा मोबाइल चार्जिंगला लावलेला, तव्यासारखा तापलेला. तिनं पिन काढली, मोबाइल खिडकीत ठेवला, घोंगडी ओढून बोर्डापासून लांब केली, मला पुन्हा घोंगडीवर सरकायला लावलं आणि लेकरू अलगद माझ्या कुशीत ठेवून म्हणाली,

"लेकरू तुमच्याजवळच निजंल, आत्या. पर तुमी कुठं निजायचं, ते आजपसून मी सांगणार."