तीन लुगडी जांगड

माझ्या बहिणीनं साठ वर्षांत एकदाही दुकानात जाऊन लुगडं घेतलं नव्हतं. दुकानच तिच्याकडं जायचं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून. ती वैजापूरला, मी इथं शहरात. तिच्या घरी कार्य निघालं की मी आमच्या त्या मोठ्या दुकानातून तीन लुगडी उचलायचो आणि एसटीनं तिच्याकडं न्यायचो. ती हात धुऊन बसायची, तिन्हींवरून हात फिरवायची, एक ठेवून घ्यायची. उरलेली दोन मी दुकानात परत द्यायचो. याला जांगड नेणं म्हणतात. पसंत पडलं तर घ्या, नाय तर परत करा. हल्ली हा शब्द दुकानातल्या माणसालाच समजावून सांगावा लागतो, म्हणून आधी सांगून टाकला.

मी चौथी शिकलो. पुढं हातात थापी आली ती म्हातारपणीच खाली ठेवली. गवंडी होतो. लिहिण्यात चुका निघतील, माझ्या भिंतीत निघायच्या नाहीत.

तर ते दुकान. तीन मजली. खाली कापड, वर भांडी, सगळ्यात वर गाद्या, ट्रंका, पाळणे. लग्न ठरलं की अख्खं घर तिथं सकाळी शिरायचं आणि दिवे लागायच्या वेळेला बाहेर पडायचं. दारात चपला काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालायची. घागर गळकी निघाली तर त्यांनी कधी विचारलं नाही की बाबा, आपटली का. नवी द्यायचे. लुगड्यांच्या गादीवर एक मुसलमान गृहस्थ बसायचे. चष्म्याची दांडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. त्यांनी माझ्या बहिणीला कधी बघितलं नव्हतं, पण तिचा हात त्यांना ठाऊक होता. मी बसलो की म्हणायचे, "आओ मिस्त्री. बहन के वास्ते ना? उनको किनार बारीक होना, पोत नरम होना." तीन लुगडी काढायचे, कागदात गुंडाळायचे, वर सुतळी. काही लिहून घेत नसत. एकदा मी म्हटलं, "चाचा, लिहून तरी घ्या." तर म्हणाले, "तुम भूलनेवाले हो क्या?"

आमच्या बाजूनंही कायदा होता. जांगडाच्या कापडाची घडी मोडायची नाही. चुलीपासून लांब ठेवायचं. बोटाला कुंकू लागलेल्या बाईनं शिवायचं नाही. माझी आई तर घरात जांगड आलं की पोरांना अंगणात हाकलून द्यायची.

यंदा बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. आमच्यात नातीच्या लग्नात आजीच्या अंगावर माहेरचं लुगडं असतं, आणि माहेर म्हणजे आता मी एकटाच. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. बहिणीच्या डोळ्यांत काचबिंदू, उजेड कळतो, रंग कळत नाहीत. मी फोनवर म्हटलं, "तीन आणतो. तूच निवड."

मागून भाचा बोलला, "मामा, कशाला हेलपाटा? मोबाईलवर मागवतो की."

"मोबाईलला हात लावून पोत कळतो का रे?" मी म्हटलं. "दुकान आपलं हाय. मला बघितल्याबरोबर काढून देतील."

हे मी बोललो. मोठ्यानं बोललो. तिकडं चार पाहुणे बसलेले होते, त्यांनीही ऐकलं.

बऱ्याच वर्षांनी मी तिथं गेलो होतो. मधी एकदा सुनेसाठी मिक्सर घेतला होता, तो आठवड्यात जळला. तेव्हा काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं होतं, "कंपनीच्या सेंटरला न्या, आमच्याकडं नाही." तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण मी मनाशी म्हटलं, मिक्सर काय, यंत्र. कापडाचं वेगळं.

दारात सवयीनं चपला काढल्या आणि आत गेलो. मागून वॉचमन ओरडला, "ओ बाबा, चपला घाला! इथं ठेवायच्या नाहीत." आत फरशी बर्फासारखी गार. गाद्या गेलेल्या, काचेची टेबलं आलेली. लुगडी कुठं, असं एका पोरीला विचारलं. ती दुसरीशी बोलत होती. बोलणं संपेस्तोवर मी उभा राहिलो. मग ती म्हणाली, "लुगडं म्हणजे नऊवारी का काका? शिवलेली आहे. साइज काय?"

"लुगड्याला साइज?"

"हो. मागं चेन असते. पँटसारखी चढवायची."

मी म्हटलं, "बाई, माझी बहीण सत्तरी ओलांडलेली हाय. ती काय पँट चढवती का?" ती हसली, तिच्याबरोबरची पण हसली. मग बऱ्याच शोधाशोधीनं कोपऱ्यातल्या कपाटातून तिनं इरकली लुगड्यांचा एक गठ्ठा काढला. मी त्यातून तीन बाजूला केली. एक राखी, एक तपकिरी, एक निळसर. म्हटलं, "ही जांगड बांध."

"काय बांधू?"

समजावून सांगितलं. तिनं साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, गळ्यात पट्टी, पट्टीला फोटो. चांगलं बोलला, ते मी नाकारत नाही. म्हणाला, "बाबा, तिन्ही घ्या. न आवडलेली दोन सात दिवसांत आणा, बदल्यात दुसरं काहीतरी घ्या. पण असंच नेऊन परत, ते होत नाही."

"दुसरं काय घेऊ? मला पाळणा नकोय."

"आमची तशी पद्धतच नाही."

"तुमचीच हाय. तुमच्याच दुकानाची. माझ्या आईपासून आम्ही नेतोय."

"असेल बाबा. पण लोक नेसून परत आणतात. परवा एका साडीच्या पदरातून अक्षता पडल्या. घामाचा वास, हळदीचे डाग. सांगा, आम्ही कोणाकोणावर विश्वास ठेवायचा?"

मी म्हणालो, "आमचं घर तसलं नाही."

हे म्हणालो आणि पुढचं बोलता आलं नाही. पिशवी उचलली, रिकामीच, आणि बाहेर पडलो. ती पोरगी मागून म्हणाली, "काका, निदान शिवलेली बघा ना." मी वळलो नाही.

बोलता का आलं नाही, ते सांगतो. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

एकदा बहिणीकडून दोन लुगडी परत आणली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात द्यायची होती. आणली त्याच दिवशी संध्याकाळी पैठणला माझ्या बायकोच्या भावाकडं हळद होती. तिच्याकडं धड लुगडं नव्हतं, जे होतं ते दोन ठिकाणी फाटून दंड घातलेलं, जोड शिवलेलं. ती म्हणाली, मी येत नाही, कपाळ दुखतंय. मला ठाऊक होतं काय दुखतंय. तिच्या भावजया कशा बघतात तेही ठाऊक होतं. मी पिशवीतलं एक लुगडं काढलं, माझ्या हातानं घडी मोडली, आणि म्हटलं, "नेस. कोणाला कळतंय?" ती नाही म्हणत होती. मी आवाज चढवला. माझी बायको फाटक्या लुगड्यात माहेरी गेली असती तर नाक माझं कापलं जाणार होतं.

ती नेसली. हळदीच्या घरात हळद लागायची ती लागली, पदराच्या आतल्या बाजूला, जोंधळ्याएवढी. तिनं रात्रीत तीनदा पुसली. इस्त्री करून, घडी जमवून मी ते दुकानात नेलं.

चाचांनी घडी उघडली. त्यांचं बोट चालत चालत बरोबर त्या डागावर येऊन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. घडी परत घातली, डाग आत. ते लुगडं विक्रीच्या गठ्ठ्यात ठेवलं नाही, मांडीमागं सरकवलं. आणि पोऱ्याला हाक न मारता स्वतः उठून चहा सांगायला गेले. पुढच्या खेपेला परत तीन लुगडी दिली. परत काही लिहून घेतलं नाही. ते लुगडं त्यांनी पुढं काय केलं, कोणाच्या गळ्यात मारलं की स्वतःवर घेतलं, ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

त्या दुकानाचा विश्वास मी गल्लीभर सांगत आलो. हा भाग गाळून.

तिसऱ्या दिवशी वैजापूरला गेलो. भाच्यानं माझी रिकामी पिशवी बघितली आणि शहाण्यासारखा आत निघून गेला. बहीण ओट्यावर बसलेली. हात धुऊन, पदराला पुसून तयार.

"आण दादा."

"आणलं नाही."

"का रं?"

"देत नाहीत. लोकांनी वाट लावली. नेसायचं आणि परत करायचं."

ती मग म्हणाली, "वहिनीनं नेसलं होतं तसं?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. त्याच महिन्यात. रडत होती बिचारी. म्हणाली, माझ्या हातून जांगड बाटलं." मग जरा आवाज उतरवून, "तू जबरीनं नेसवलंस हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते मी वळखलं."

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं माझं झाकलं होतं आणि मला वाटत होतं, मी तिचं झाकतोय. मी ओट्याच्या दगडांचे सांधे बघत बसलो. कोणा शिकाऊ गड्यानं भरलेले, वाकडे.

बहीण म्हणाली, "आता तोंड पाडून बसू नको. मला ने तिथं."

"तुझे गुडघे? आणि तुला दिसत कुठंय?"

"गुडघे गाडीत बसतील. दिसायचं काय, तिथं पोरी हायेत ना दाखवायला? साठ वर्षं तू नेतोयस. मला एकदा बघू तरी दे, कुठून आणतोस."

मला खरं सांगायचं तर हे कधी सुचलंच नव्हतं. तिला यावंसं वाटत असेल, हे.

भाच्याच्या गाडीतून आणलं. वॉचमननं खुर्ची दिली नाही, मी मागून घेतली. तीच पोरगी. बहिणीनं तिचा हात धरला आणि स्वतःजवळ ओढून बसवली. "पोत मी बघते. तू रंग सांग."

"मरून आहे आजी."

"मरून म्हणजे कसा? जांभळासारखा, का वांग्यासारखा?"

पोरगी लुगड्याकडं बघत राहिली. "वांग्यासारखा. पण भाजलेल्या."

"मग नको. भाजलेलं वांगं ताटात बरं."

दोघी हसल्या. मी राखी पुढं केलं, तपकिरी पुढं केलं. बहीण हात लावून बाजूला ठेवत गेली. मग म्हणाली, "दादा, तू जरा तिकडं बस." मी बसलो. ऐकू येत होतं. ती पोरीला सांगत होती, "हा दरवेळी तीन आणायचा. निवड म्हणायचा. पण ती तिन्ही ह्यानंच निवडलेली असायची, एकजात राखेची. आमचे मालक गेल्यापासून मी रंगच बघितला नाही. आता तर डोळेच गेले. डाळिंबी हाय का गं तुझ्याकडं?"

मला उठून सांगावंसं वाटलं की या वयात, विधवा बाई, लोक काय म्हणतील. उठलो नाही. चाचासुद्धा माझ्या तोंडाकडं बघूनच ते राखेचे रंग काढत असतील.

डाळिंबी निघालं. पोरीनं पंधरा-वीस लुगड्यांच्या घड्या मोडल्या होत्या तोवर, तिला कंटाळा आला होता, तो तिनं लपवलाही नाही. बहिणीनं ते गालाला लावलं, वास घेतला, आणि म्हणाली, "बांध."

दुकानाबद्दल माझं मत बदललेलं नाही. माणूस ओळखायचा नाही असं तिथं ठरवूनच टाकलेलं दिसतं, आणि मी त्या दारात आता आपण होऊन जाणार नाही. पण ते कशानं असं झालं हे कोणी विचारलं तर मी पूर्वीसारखा तावातावानं बोलत नाही.

लग्नात बहीण डाळिंबी लुगड्यात पुढच्या खुर्चीवर बसली. बायका कुजबुजल्या. एक म्हातारी तर माझ्याजवळ येऊन म्हणालीच, "हे काय नेसवलंस बहिणीला?"

मी म्हटलं, "मी नाही. तिनं घेतलंय."