सेकोची वीस मिनिटं

रोझा-सानांच्या कागदावर वीस मिनिटं लिहिली होती. ती मी पाच केली. तरीही मीटिंगमध्ये आमचे बॉस मोरिता-सान "पेस्टचा हा लॉट खराब आहे का?" असं विचारत होते, तेव्हा मी मान खाली घालून नोट्स लिहीत बसलो.

मी कोबेतल्या एका ट्रेडिंग कंपनीत आहे. आम्ही पेरू देशातून पिवळ्या मिरचीची पेस्ट आणतो. बाटलीबरोबर पेरूच्या घरगुती सूप आणि रश्श्यांची पुस्तिका द्यायचं ठरलं. पाककृती नागोयाच्या रोझा-सानांच्या. मूळच्या पेरूच्या, बरीच वर्षं मोटारीच्या कारखान्यात काढलेल्या, आता कुकिंग क्लास घेतात, काही आमच्या कंपनीसाठीही. पुस्तिकेवर त्यांचा फोटो होता.

पेरूचे बरेचसे रस्से 'आदेरेसो'ने सुरू होतात. म्हणजे कांदा, लसूण आणि मिरचीची पेस्ट तेलात मंद आचेवर परतायची. सेको म्हणजे कोथिंबिरीच्या रश्श्यातलं चिकन. त्याला पंचावन्न मिनिटं लागत होती, आणि मोरिता-सानांना सगळं चाळीसमध्ये बसवायचं होतं. मला वाटलं, ही तर फोडणी. फोडणीला वीस मिनिटं कोण देतं? कुणालाही न विचारता मी आकडा बदलला.

मग तक्रारी सुरू झाल्या. रस्सा कच्चट लागतो, कांदा उग्र लागतो. तीन आठवडे आम्ही लॉट तपासला, लिमाला मेलवर मेल पाठवले. एका मीटिंगचा पाऊण तास कोबेच्या पाण्यातच दोष आहे का, या चर्चेत गेला. त्याचेही मिनिट्स मीच लिहिले.

शेवटी घरी बायकोला सांगितलं.

"फोडणी कसली? ते वाटण आहे. तेल सुटेपर्यंत परतायचं. चोवीस वर्षं माझ्या हातचं खातोयस, कधी ओट्याकडे पाहिलंस?"

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस? जिचा फोटो छापलाय तिला सांग."

तरी मी रोझा-सानांना फोन केला नाही. पुढच्या मीटिंगला मोरिता-सान म्हणाले, "पेस्ट ठीक निघाली. म्हणजे पाककृतीच चुकीची. रोझा-सानांचे आपले सगळे क्लास रद्द. नाईक-सान, तुम्ही कळवा."

"आकडा मी बदलला होता," मी म्हणालो.

त्यांनी "तीन आठवडे?" एवढंच विचारलं.

क्लास वाचले. मी मिठाईचा बॉक्स घेऊन नागोयाला गेलो. रोझा-सानांनी तो उघडला नाही.

"माझ्या मैत्रिणींचे फोन आले, नाईक-सान. म्हणाल्या, जपानात राहून आईचा सेको विसरलीस का गं? आणि मी स्वतःवरच शंका घेत रोज सेको करून पाहत होते."

पाककृतीतला आकडा बदलायचा तर ती ज्याची आहे त्याला एक फोन करावा. मला तो दोन मिनिटांचा फोन जड गेला होता.

मी कमरेत वाकलो. "चूक तुमच्या सेकोत नव्हती, माझ्यात होती. माहीत असून तीन आठवडे मी ती तुमच्या नावावर राहू दिली. मला माफ करा. नव्या पुस्तिकेत हे माझ्या नावासकट छापतो आहे."