भट्टीनंतरचं पाणी

मल्हारगंजातले चिंतामण खेडकर जगातल्या प्रत्येक गोष्टीवर चिडायचे, आणि चिडायचा त्यांना हक्कच होता. सव्वीस वर्षं मिलच्या बॉयलरपुढे कोळसा ओढला आणि एका सकाळी फाटकाला कुलूप. त्यालाही सहा वर्षं झाली. बाजारात परदेशी टीव्ही आले, रंगीत बाटल्या आल्या, मिल काही उघडली नाही. मग हृदय थकलं. पाय सुजायचे, आडवं होताच दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोप. त्यांना पुन्हा आडवं होऊन झोपायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

पलासियाच्या डॉक्टर मंजिरीबाईंनी गोळ्यांच्या जोडीला एक नवा इलाज काढला. लाकडी खोलीत साठ डिग्रीची कोरडी गरमी, मग अर्धा तास कांबळात गुंडाळून टेकून पडायचं. रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार हलका होतो. मीठ बंद, पाणी मोजून, दर सोमवारी वजन.

"साठ?" चिंतामण हसले. "मॅडमजी, इतक्या गरमीत तर आम्ही डबा खायचो!"

पहिला आठवडा पाच-पाच मिनिटंच बसवलं. तेवढ्यानं पाय उतरले, आणि दोन उशांवर का होईना, ते आडवे झाले. बायकोनं, भानुमतीबाईंनी, गणपतीला नारळ फोडला. दुसऱ्या आठवड्यापासून पुरी पंधरा मिनिटं. आता खरा घाम फुटू लागला, आणि तिथूनच गाडी बिघडली. वजन वाढलं. पुढच्या सोमवारी आणखी वाढलं. पाय पुन्हा फुगले, उशा पुन्हा भिंतीला लागल्या.

"अजून वाढलं तर ही गरमी बंद करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

चिंतामणांचं डोकं सरकलं. बेचव वरण गिळायचं, घोट मोजायचे आणि वर काटा पुढेच! गुन्हेगार त्यांनी केव्हाच ठरवला होता: स्वयंपाकघरात असतो कोण?

चौथ्या सोमवारी काटा दोन किलो पुढे गेला. डॉक्टरांनी फाईल मिटली. "बंद."

"हिला विचारा ना!" चिंतामण बायकोवर ओरडले. "वरणात चोरून मीठ टाकते ही!"

ओरडून चिंतामणांचा घसा सुकला. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा प्यायले. ही बाटली भानुमतीबाईंनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी ती हातातून ओढून घेतली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून तिथेच थुंकल्या.

"खारट! महिना झाला, मीसुद्धा तुमच्याबरोबर अळणी खातेय. आणि तुम्ही?"

"ते खाणं थोडंच आहे?" चिंतामण खरोखरच गोंधळले. "भट्टीवरून उतरलं की ग्लासभर मिठाचं पाणी. मिलमधल्या मिस्त्रीचा नियम होता. न पिणारे चक्कर येऊन पडायचे. इथंही घाम फुटायला लागल्यापासून, कांबळात पडलो की मी रोज..."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"आठ दिवस हे पाणी बंद करून या. मग बघू."

चिडायला समोर कोणीच उरलं नव्हतं, आणि त्याचाच चिंतामणांना सगळ्यात जास्त राग आला. भानुमतीबाईंनी बाटली कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडी केली.

"मिल बंद झाली, अहो," त्या म्हणाल्या. "आता तरी ड्यूटीवरून उतरा."