महादूचा रुपया खराच निघाला

मंडळी, आताच लोहाऱ्याहून आलो. लई खूश हाय, म्हणून आधी लिवतो, जेवण मागनं.

महादू आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी हुता. दुष्काळाच्या साली दुधाच्या हिशोबात त्यानं मला एक रुपया दिला. रुपया चकचकीत, पण अक्षरं फुगलेली, पसरलेली. हॉटेलवाल्यानं खोटा म्हणून परत फेकला. म्या भर चावडीवर महादूला चोर म्हणलं. तवापासनं बोलणं बंद. रुपया मात्र पुरावा म्हणून जपला.

आज बायकोची जोडवी सांधायला लोहाऱ्याच्या सोनाराकडं गेलो, तवा त्यो रुपया दाखवला. त्यानं काच लावली, वजन केलं अन् हसला.

"अण्णा, खरा हाय. हातात फिरून झिजला असता तर चमक गेली असती. टाकसाळीतला ठसाच झिजला हुता. ठसा लई वापरला की अक्षरं अशी काठाकडं पसरत्यात."

गावात आलो अन् तसाच महादूच्या दारात गेलो. सगळं सांगितलं.

म्हणला, "बस. चहा कवाचा उकळतोय."

चोर चावडीवर म्हणलं हुतं, म्हणून हितं सगळ्यांम्होरं लिवतो. महादू चोर न्हाय. तवा चावडीवर कोण कोण हुतं? वाचलं म्हणून सांगा.