परवाना माझ्या नावाचा

दादाच्या पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला परवाना नव्हता, आणि तो लागतो हे आमच्या घरात कुणाला माहीतही नव्हतं. तो कामाला होता ती कंपनी बंद पडली तेव्हा त्याने फवारणीचा पंप घेतला, पाठीला लावला आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये झुरळं-ढेकूण मारायला लागला. कोपरीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, वहिनी, त्या दोघांच्या मुली, पप्पांची औषधं, सगळं त्या पंपावर चालायचं.

मग बिनपरवाना फवारणीवाल्यांवर कारवाई सुरू झाली. कल्याणमधल्या त्याच्या एका ओळखीच्या माणसाचा सगळा माल जप्त झाला. दादा ठाण्याच्या कृषी ऑफिसात चौकशी करून आला. परवान्यासाठी केमिस्ट्री घेतलेला पदवीधर लागतो, त्याचं वेगळं ट्रेनिंग लागतं. दादा दहावी झालेला.

जेवताना त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघत होता. तिथे बुद्धाच्या तसबिरीखाली पप्पांनी माझं बीएस्सीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं.

"नुसतं नाव लागेल गं तुझं," तो म्हणाला. "काम काय, मीच करणार."

मी तेव्हा एका कॉलेजच्या लॅबमध्ये टेम्पररी होते. ट्रेनिंग केलं, परवाना आला, पप्पांनी चाळीत पेढे वाटले.

काही महिन्यांनी मला महाडच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये पक्की नोकरी मिळाली. मी आधी ठाण्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सोडलंत की परवाना संपला. दुसरा पदवीधर आणा."

"नाव इथे ठेवून मी महाडला राहिले तर?"

"मग तो परवाना कसला, मॅडम? उद्या कुणाला विषबाधा झाली तर आम्ही तुम्हालाच शोधत येणार."

दुसरा पदवीधर कुठून आणणार? ज्याला विचारलं तो हसला. घरी 'जा' असं कुणी म्हणालं नाही आणि 'जाऊ नको' असंही नाही. मी फोन करून 'घरची अडचण आहे' म्हणून नोकरीला नकार कळवला. त्या दिवशी वहिनीने माझ्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं. मला त्याचाच जास्त राग आला.

त्यानंतर एका दुपारी शीळफाट्याजवळच्या एका टॉवरमधून फोन आला. बिलावर नंबर माझाच असायचा. तिथल्या ढेकणांसाठी दादा तिसऱ्यांदा गेलेला. बाई म्हणाल्या, "सर गोळ्या ठेवून गेलेत. संध्याकाळपर्यंत बाहेर बसा म्हणाले. पण माझ्या सासूबाईंना चालता येत नाही, त्या आतल्या खोलीत झोपल्यात. चालेल ना?"

"कसल्या गोळ्या?"

"करड्या रंगाच्या. लसणासारखा वास येतोय बघा."

त्या धान्याच्या गोदामात ठेवायच्या गोळ्या. राहत्या घरात त्यांना बंदी. त्यांच्या गॅसवर उतारा नाही, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

"सासूबाईंना आधी बाहेर काढा," मी ओरडले. "दोघं-तिघं बोलवा, उचला आणि खाली न्या. शेजारची दारंही वाजवा. फायर ब्रिगेडला मी फोन करते."

मी रिक्षाने पोचले तेव्हा अख्खा मजला खाली उतरलेला. आजी वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, ओकून ओकून पांढऱ्या पडलेल्या. "मला कशाला उठवलं गं?" त्या सारखं विचारत होत्या. त्यांना हॉस्पिटलात ठेवून घेतलं. दोन दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या.

मास्क लावलेल्या जवानांनी गोळ्या बाहेर आणल्या. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "परवाना कुणाचा?"

दादा तोवर आलेला, माझ्या मागे उभा होता.

"माझा," मी म्हणाले.

घरी येताना तो एवढंच बोलला, "पंपाने ढेकूण मरत नव्हते गं. मार्केटमध्ये सगळेच वापरतात."

"आत माणूस होतं, दादा."

"मला माहीत नव्हतं."

"बघितलं का नाहीस?"



परवाना तात्पुरता थांबवला आणि मला सुनावणीला बोलावलं. रद्द करा, मला नको, असं सांगायचं मी पक्कं ठरवून गेलेले. वाक्यसुद्धा तयार होतं. आत बोलावलं तेव्हा दादा बाहेरच्या बाकावर बसलेला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आतल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"यापुढे प्रत्येक कामावर मी स्वतः हजर राहीन," असं माझ्या तोंडून निघालं. त्यांनी ते लिहून घेतलं, मी सही केली. परवाना पुन्हा चालू झाला. कॉलेजची नोकरी सुटली, कारण कामं दिवसाच असतात.

आता रोज आम्ही दोघं जातो. मी आधी सगळ्या खोल्या बघते, बाथरूम, बाल्कनी, पडद्यांच्या मागेसुद्धा. मग तो फवारतो. दार लावून आम्ही जिन्यात बसतो, औषध बसेपर्यंत. तो वरच्या पायरीवर, मी खालच्या. काल कल्याणच्या एका बिल्डिंगमध्ये त्याने अचानक विचारलं, "त्या महाडवाल्यांना परत एकदा फोन करून बघतेस का?"

मी घड्याळ बघून म्हणाले, "अजून दहा मिनिटं." कुणीतरी लिफ्टचं दार बंद करायला विसरलं होतं, तिची घंटी किणकिणत राहिली. शेवटी त्यानेच उठून ते लावलं आणि परत येऊन बसला.