पहिल्या शब्दाचा नियम

घंटा माझ्या हातात होती. घड्याळाचा काटा अर्धी वाट चालून गेला होता, आणि शेवंताबाई बोलत नव्हत्या.

प्रश्न अवघड असता तर मला काही वाटलं नसतं. पण कल्याणच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला उत्तर येत होतं. पुढच्या रांगेतली मुलं तर ओठ गच्च मिटून बसली होती, उत्तर चुकून बाहेर पडेल म्हणून. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरकं येत होतं. त्यात धूळ तरंगत होती, आणि सगळा हॉल पाण्याखाली असल्यासारखा शांत झाला होता.

आधी माझं काम काय ते सांगतो. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील ठाण्याच्या खाडीवर मिठागरात काम करतात. दर रविवारी मी एका दंतमंजनाच्या कंपनीत नोकरी करतो. नोकरी म्हणजे कंपनी गावोगाव 'घ्या की ठेवा' नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ करते, त्यात मी टाइमकीपर आहे. स्पर्धकांची नावं लिहून घ्यायची, वेळ मोजायची आणि घंटा वाजवायची. एक टोला म्हणजे वेळ संपली. दोन टोले म्हणजे उत्तर चुकलं, स्पर्धक बाद.

खेळ असा. स्टेजवर एक लांब टेबल असतं. त्यावर ओळीनं बक्षिसं मांडलेली असतात: पितळी तांब्या, गजराचं घड्याळ, स्टोव्ह, शिलाईचं मशीन आणि शेवटी रेडिओ. पहिलं उत्तर बरोबर आलं की तांब्या तुमचा. तो घेऊन घरी जा. पुढं खेळायचं असेल तर मात्र तांब्या स्वतःच्या हातानं परत टेबलावर ठेवायचा आणि घड्याळासाठी उत्तर द्यायचं. चुकलात तर सगळंच गेलं, फक्त दंतमंजनाची एक डबी मिळते. हातात आलेली वस्तू परत ठेवताना माणसांचे चेहरे कसे होतात, हे मी दर रविवारी पाहतो. बहुतेक जण घड्याळावर थांबतात. मशीनपर्यंत तोवर कुणीच पोचलं नव्हतं.

नियम आमचे मॅनेजर सरपोतदारसाहेब करतात. प्रश्नही तेच विचारतात. स्वच्छ धोतर, कोट, आवाज खणखणीत. मला ते 'प्रोफेसर' म्हणतात, का ते माहीत नाही. ठाण्याच्या खेळात एका वकिलांनी एका श्वासात तीन उत्तरं सांगितली आणि तिसरं बरोबर आहे म्हणून भांडत बसले. साहेबांनी त्यांना बाद केलं आणि त्या दिवसापासून नवा नियम केला: तोंडातून निघालेला पहिला शब्द हेच उत्तर. दुसरा नियम जुनाच होता. प्रेक्षकांतून कुणी उत्तर पुरवलं तर स्पर्धक बाद.

शेवंताबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात. नाव लिहून घेताना मी विचारलं, "पूर्ण नाव?" तर त्या हसल्या आणि शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "सांग की गं." शेजारणीनं सांगितलं, मी लिहिलं. असं नेहमीच होतं. त्यात मला विशेष काही वाटलं नाही.

पण खेळायला लागल्यावर त्यांनी सगळ्यांना चकित केलं. सरपोतदारसाहेबांनी विचारावं आणि बाईंनी पदर सावरत लगेच सांगावं. तांब्या मिळाला, परत ठेवला. घड्याळ मिळालं, परत ठेवलं.

"बाई, शाळा किती शिकलात?" साहेबांनी माइकमधून विचारलं.

"शाळा कुठली, साहेब. पोराचा अभ्यास घेती न्हवं का. त्यो वाचतो, मी ऐकती."

स्टोव्ह हातात आला तेव्हा प्रेक्षकांतल्या बाया ओरडल्या, "बास गं शेवंता, घे आता! रॉकेलचा हाय, घे!"

शेवंताबाईंनी स्टोव्हकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"का हो, मशीनच का हवं?" साहेबांनी विचारलं.

"झंपर शिवती मी, साहेब. शेजारच्या सिंधी बाईचं मशीन दुपारचं वापराया मिळतं. ती आता बिऱ्हाड हलवतीया. मशीन काय मागं ठेवून जाणाराय व्हय?" त्यांनी स्टोव्ह टेबलावर ठेवला. अगदी हलकेच, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मग साहेबांनी चिठ्ठी उचलली. मशीनचा प्रश्न आपल्याच मुलखातला असतो, कंपनीच्या मालकांची तशी हौस. साहेबांनी वाचलं, "कल्याणहून अंबरनाथच्या देवळाकडे पायी निघालं, तर वाटेत देवाच्या नावाची एक वाडी लागते. तिचं नाव काय?"

हॉलमध्ये आनंदाची एक लाट उठली. विठ्ठलवाडी! कुणाला माहीत नाही? शेवंताबाईंचा नवरा तर रोज तिच्यावरूनच कामाला जातो. मी घड्याळाची कळ दाबली.

शेवंताबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. चेहरा लाल झाला. त्यांनी खाली पाहिलं.

साहेब गोंधळले. "बाई, सोपा प्रश्न आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारणीनं सांगितलेलं नाव मीच माझ्या हातानं लिहिलं होतं. शेवंता विठ्ठल जगदाळे. नवऱ्याचं नाव त्या कसं उच्चारणार, आणि तेही भरल्या हॉलमध्ये, माइकवर! तो स्वतः मागच्या भिंतीला टेकून उभा होता. कारखान्याचा निळा सदरा, हातात टोपी.

विचित्र पंचाईत झाली होती. बायांना सगळं कळलं होतं, पण साहेबांना सांगायची सोय नव्हती. ते तिच्या घरधन्याचं नाव आहे असं कुणी म्हटलं असतं, तर ते उत्तर पुरवणंच झालं असतं. मी तर कंपनीचा माणूस. मी नुसता काट्याकडे पाहत राहिलो. मिठागरात उन्हाच्या वेळी पाणी असंच स्थिर दिसतं. काही हलत नाही, पण मीठ आत कुठंतरी धरत असतं.

एवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "अगं ए, लाजतीस काय नव्या नवरीसारखी! नाव घे!"

"प्रेक्षकांनी मदत करू नये!" साहेब गरजले. पण मदत काय झाली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मान वर केली. आणि संथ, गाण्यासारख्या आवाजात म्हणाल्या,

"वालधुनीच्या काठाला चिंचांची झाडी,
विठ्ठलरावांचं नाव घेते, पुढं जोडते वाडी."

हॉल नुसता फुटला. टाळ्या, शिट्ट्या, बायांचं हसणं. कुणीतरी मागं उभ्या असलेल्या नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. काटा अजून चालत होता. मी कळ दाबून तो थांबवला.

सरपोतदारसाहेब हसले नाहीत. त्यांनी हात वर केला. "पहिला शब्द वालधुनी. वालधुनी ही नदी, आणि तिच्या नावाची कल्याणातलीच दुसरी जागा आहे. उत्तर चूक. प्रोफेसर, दोन टोले."

मला खरंच वाटलं की ते थट्टा करताहेत. पण पहिल्या रांगेत कंपनीचे मालक शेठजी बसले होते, आणि शेठजींसमोर साहेब थट्टा करत नाहीत.

"अहो, उखाणा हाय तो!" बाया उठून उभ्या राहिल्या.

"उखाणा असो की आरती. नियम सगळ्यांना सारखा. ठाण्याला वकिलांना बाद केलं, इथं कसं सोडू?" मग ते जरा नरमले. "बरं, बाई, असं करू. वेळ शिल्लक आहे. फक्त ते एक नाव सरळ म्हणा. मशीन घेऊन जा."

मागच्या भिंतीकडून नवरा म्हणाला, "म्हण की गं. माझी काय हरकत न्हाई."

शेवंताबाई वळल्या. "तुमची नसंल. माझी हाय."

परत हशा. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला जवळून दिसलं. त्यांचं एक बोट मशीनच्या चाकाला टेकलं होतं. चाक किंचित फिरलं आणि थांबलं.

"प्रोफेसर, घंटा," साहेब म्हणाले.

मी घंटा टेबलावर ठेवली. धीट म्हणून नाही. हातात राहिली तर आपोआप वाजेल अशी भीती वाटली.

"साहेब," मी म्हणालो. माझा आवाज माइकमधून मोठा झाला आणि मलाच परका वाटला. "माझ्या आईनं बाबांचं नाव घेतलेलं मी एकदाच ऐकलंय. ताईच्या लग्नात, उखाण्यात. ती मध्येच अडखळली होती. पण मांडवातलं कुणी उठून गेलं नाही. सगळे शेवटपर्यंत थांबले. उखाणा अर्ध्यावर कुणी ऐकत नाही, साहेब. वकिलांनी तीन उत्तरं दिली होती. बाईंनी एकच दिलंय. ते फक्त लांब आहे."

साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, "तू घंटेपुरता आहेस."

"होय, साहेब. घंटेच्या आत आलंय ते."

तेव्हा शेठजी खुर्चीत पुढं सरकले. शेठजी गुजराती, मराठी बेताचं. पण त्या दिवशी त्यांना सगळं समजलं होतं. "सरपोतदार, माझी बायको चाळीस वरस मला 'सांभळो छो?', ऐकता का, म्हणून हाक मारते. एकदा पण नाव नाय घेतला. मी काय म्हणतो तिला? पहिला शब्द चूक, जा घरी? मी ओ देतो! द्या बाईला मशीन."

साहेबांनी माइकजवळ तोंड नेलं. पूर्वीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "उत्तर बरोबर!" जणू ते हेच म्हणणार होते आणि मधला वेळ कुणीतरी चोरला होता.

लगेच शेठजींनाच नवी कल्पना सुचली. मशीनपर्यंत कुणी आलं नव्हतं, आता रेडिओही गेला तर वर्तमानपत्रात बातमी येईल. "बाई, खेळा. रेडिओ घ्या. रेकॉर्ड होईल!"

"म्हंजी मशीन परत ठेवू?" शेवंताबाईंनी विचारलं.

"हो, नियम आहे," साहेब म्हणाले.

शेवंताबाईंनी रेडिओकडे नीट पाहिलं. "त्येच्यात मी काय शिवू?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याला हात केला. तो आला. दोघांनी मशीन दोन बाजूंनी उचललं आणि तिरक्या उन्हातून, बायांच्या गराड्यातून दाराकडे निघाले. त्याला उंबरा दिसेना, तर त्या म्हणाल्या, "अवो, पायाखाली बघा." एवढंच मला ऐकू आलं. दारातल्या उजेडात ती दोघं आणि ते काळं मशीन काही क्षण एकच आकृती दिसली, मग बाहेरच्या पांढऱ्या उन्हात विरघळली.

माझी नोकरी गेली नाही. परतताना साहेब म्हणाले, "प्रोफेसर, उखाण्याचा नियम लिहून काढ. पुढच्या खेळाला लागेल." मी लिहिलं: विवाहित स्त्रियांनी उत्तर उखाण्यात दिल्यास चालेल, मात्र वेळेत द्यावं. लिहिताना मला फार बरं वाटलं. एका माणसासाठी नाही, सगळ्यांसाठी दार उघडलं, असं वाटलं.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला खेळ होता. पहिल्याच बाईंना विचारलं, सर्वांत मोठा ग्रह कोणता. त्यांच्या यजमानांचं नाव गुरुनाथ नव्हतं, बृहस्पतीही नव्हतं. तरी त्यांनी पदर सावरला आणि चांदीच्या ताटापासून सुरुवात केली. मग ताटाभोवती रांगोळी आली, रांगोळीत मोर आला, मोराच्या मागून सासूबाई आल्या. सगळा हॉल डोलत ऐकत होता. मीसुद्धा ऐकत होतो. ग्रह अजून बराच लांब होता, तेव्हा वेळ संपली आणि मला घंटा वाजवावी लागली. त्यांच्यानंतरच्या बाईंचंही तेच झालं. त्या दिवशी डोंबिवलीत टेबलावरचा तांब्याही हलला नाही.

शेठजी खूश होते. टाळ्या पूर्वीपेक्षा जास्त पडत होत्या आणि कंपनीच्या डब्या तेवढ्या खपत होत्या. मी एवढंच शिकलो, की नियम कुणाच्या भल्यासाठी बदलला तरी घड्याळ बदलत नाही. नियमांच्या पुढच्या पत्रकात आम्ही आणखी एक ओळ घातली आहे: उखाणा दोनच ओळींचा असावा.