छातीपर्यंतचे आजोबा

पेणला रामवाडीत आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा रोह्याजवळच्या आमच्या गावात असा गवगवा झाला की मी सहकुटुंब लंडनलाच निघालोय. त्यात माझाही थोडा हात होता. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि चहा उकळतो, असं मीच पारावर सांगून ठेवलं होतं. शेजारची म्हातारी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारत होती, "काय गो, संडास घरातच म्हंजे नक्की कुठं? चुलीच्या बाजूला?"

फ्लॅट तळमजल्यावर होता. भिंती अशा पातळ की शेजारचे गृहस्थ शिंकले की आमच्या देवापुढची वात विझायची. हायवेवरून ट्रक गेला की कपाटातल्या कपबश्या आपापसात बोलू लागायच्या. पण पोराची शाळा जवळ होती, आणि शाळेसाठीच तर हा सगळा खटाटोप.

पोरगा तेव्हा चार वर्षांचा. गावात तो सकाळी बाहेर पडला की दिवेलागणीला परत यायचा, तीन घरी जेवून आणि अंगाला शेळीचा वास घेऊन. कुणाचा मुलगा, कुणाच्या पडवीत झोपला, याची चौकशी कुणी करायचं नाही. इथे दाराला कडी. मी रोह्याच्या कंपनीत, आणि नाईट शिफ्ट करून आलो की दिवसा झोपायचो. गावच्या घरात माळ्यावर झोपलो तर खालून लग्नाचा बँड गेला तरी कूस बदलायची नाही. फ्लॅटमध्ये चमचा पडला तरी मी उठून बसायचो. त्यामुळे घरात एकच मंत्र चालायचा, "श्श, बाबा झोपलेत." पोरगा चवड्यांवर चालायला शिकला.

एका भर दुपारी मला जाग आली ती त्याच्या बोलण्याने. हॉलच्या कोपऱ्यात, लादीवर मांडी घालून बसला होता. बोलायचा, थांबायचा, मान हलवायचा, आणि तोंडावर हात धरून हसायचा. समोर कुणीही नाही.

"कुणाशी बोलतोस रे?"

"आजोबांशी."

"कुठले आजोबा?"

"इथले."

"केवढे आहेत?"

त्याने स्वतःच्या डोक्याएवढा हात धरला. मग छातीवर आडवा हात ठेवला. "एवढेच वर आहेत."

"आणि पाय?"

"खाली. चिखलात."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मी ते कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितलंसुद्धा, वर आजोबांना लाल मुंडासं आणि हातात घुंगरांची काठी माझ्या पदरची घातली. नागोठण्याच्या रस्त्यावर रात्री चुना मागणाऱ्या बाईच्या भुताची गोष्ट मीच तालुकाभर पसरवली होती. मला कोण घाबरवणार? पण संध्याकाळी त्या कोपऱ्यातून जाताना मी भिंतीला घासून गेलो. का, ते बायकोने विचारलं नाही. तीही तशीच जायची.

मग गावाहून आई आली. नातवाला कोपऱ्यात बोलताना तिने पाहिलं आणि पिशवीही खाली न ठेवता सुनेला विचारलं, "गो, जागेला राखण दिली काय?"

"इथे कसली राखण, आई? बिल्डिंग आहे ही."

"बिल्डिंग काय हवेत हाय?"

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला वर्षातून एकदा नारळ फोडायचा, दहीभात ठेवायचा, मग तो पोराबाळांवर लक्ष ठेवतो. आमच्या बिल्डिंगमधला प्रत्येक जण राखण द्यायला आपापल्या गावी जायचा. या जागेचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईने कोपरा पुसून घेतला, हळदकुंकू वाहिलं, आणि मी नारळ उचलून लादीवर दणकन आपटला. पाणी भिंतीपर्यंत उडालं.

पोरगा असा ओरडला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. "छातीवर मारलंत! त्यांच्या छातीवर मारलंत!"

ते त्याचं शेवटचं बोलणं. त्यानंतर तो कुणाशीच बोलेना. आईशी नाही, आजीशी नाही, कोपऱ्याशीही नाही. तिथे जाऊन बसायचा आणि लादी चाचपायचा. डॉक्टर म्हणाले, बोलेल. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बोलेल. दिवसांमागून दिवस गेले. बायकोने ट्रंक बाहेर काढली.

"मी याला घेऊन गावी जाते. शाळा नको नि काही नको. मला माझं बडबडं पोर परत पाहिजे."

मी ट्रंक परत आत ढकलली. आणि तेव्हाच एकदम डोळ्यांपुढे डंपर आले. फ्लॅट बुक करायला आलो होतो तेव्हा इथे भातशेत होतं. डंपर मुरूम ओतत होते, आणि तो भराव बांधावर उभ्या असलेल्या गड्याच्या छातीशी आला होता. पोराला हे मी कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

आईला सांगितलं तशी ती कोपऱ्यातल्या लादीकडे बघत म्हणाली, "अरे, राखण पायाशी देतात. त्याचं पाय अजून शेतात हायेत. जा, पायापर्यंत जा."

बिल्डिंगच्या मागे, आमच्या खिडकीखाली, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दोन हात रुंदीची पट्टी होती. तिथे मी पहार आणि फावडं घेऊन उतरलो. सोसायटीचे सेक्रेटरी चहाचा कप घेऊन आले.

"काय चाललंय?"

"माड लावतोय."

"एवढा खोल?"

"उंच जातीचा आहे," मी म्हणालो. "याच्या शहाळ्याला तुम्ही गच्चीवरून हात घालणार." ते खूश होऊन गेले.

मुरूम निघाला, दगड निघाले, सिमेंटची रिकामी पोती निघाली. मग पहार एकदम मऊ गेली. काळी माती. तिच्यात भाताची धसकटं, ओळीने, जशी कापली होती तशीच. पाणी पाझरलं आणि माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले. मी वाकून नारळ दगडावर हलकेच फोडला, दहीभात ठेवला, हात जोडले आणि ताठ झालो, तर जमीन बरोबर माझ्या छातीशी.

खड्ड्याच्या काठावर पोरगा मांडी घालून बसला होता. त्याचे डोळे आणि माझे डोळे बरोबर समोरासमोर.

"आजोबा," तो म्हणाला, "अजून दुखतंय का?"

वर खिडकीत बायकोने पदराचा बोळा तोंडात धरला. तो माझ्याकडे बघत होता की माझ्या खांद्यावरून मागे, ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. मानेला मागून गार वारा लागत होता. दोन भिंतींमधल्या त्या पट्टीत वाऱ्याला यायला वाटच नव्हती.

"नाही रे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, बहुतेक.

तो पुढे सरकला, कुजबुजत्या आवाजात बोलू लागला. "बाबा घरी असतात ना, पण झोपलेले असतात. मी पाणीपण हळू पितो. शेळीचं पिल्लू आता मोठं झालं असेल. मला कुणी दाखवलंच नाही."

पाय बधिर झाले होते. वळून बघायची छाती नव्हती, आणि वर यायचं मनात नव्हतं. वर आलो असतो तर पुन्हा बाबा झालो असतो.

"मग?" मी हळूच विचारलं.

तो सांगत राहिला.